खाल्लं म्हणजे खाल्लं

सोमवार, २७ जानेवारी २०२५

दीना सकाळच्या एसटीने नगरला गेली. प्रार्थनाचे दिवस भरत आले आहेत. आमच्या मुलीचं पहिलं बाळंतपण, आईने जवळ असायला पाहिजे. किती दिवस लागतील सांगता येत नाही. तोवर घर आणि मांजर माझ्याकडे.

मांजराचं नाव सुंठी. सुंठीच्या रंगाची म्हणून सुंठी. आता म्हातारी झाली आहे. तिला शुगर आहे, माणसाला असते तशीच. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचावं लागतं. श्रीरामपूरचे जनावरांचे डॉक्टर आहेत, रविराज नावाचे, त्यांनी दिवाळीत हे मागे लावून दिलं. आतापर्यंत दीना टोचायची. मी दारात उभा राहून लक्ष ठेवायचो.

निघताना दीनाने तेच ते सांगितलं. आधी खायला द्यायचं. खाल्ल्यावर टोचायचं. खाल्लं नाही तर टोचायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. मी म्हणालो, कळलं. तिने परत सांगितलं. एसटीत बसल्यावर खिडकीतून परत सांगितलं. शेवटी कंडक्टर मला म्हणाला, बाबा, खाल्ल्यावरच टोचा बरं का, आमाला उशीर होतोय.

खरं तर टोचायचं काम शेजारच्या लंकाबाईकडे द्यायचं दीनाच्या मनात होतं. लंकाबाई तिच्या म्हशीला स्वतः सुया टोचते म्हणून. मला हे लागलं. मी साखर कारखान्यात जन्म काढला, तोही लॅबमध्ये. रसाच्या बाटल्या लॅबमध्ये पोचवायचं काम माझ्याकडेच होतं. एवढ्या टनांचा साखरेचा उतारा ज्याच्या हातावरून गेला त्याला एका मांजराची साखर जड नाही.

संकल्प: दीना परत येईपर्यंत सुंठीची साखर इतकी खाली आणायची की सुईच सुटली पाहिजे. दीना विचारील, हे कसं केलं? मी काही बोलणार नाही. नुसता पेपर वाचत बसेन.

मला मांजरांची आवड नाही. हे फक्त कर्तव्य म्हणून.

संध्याकाळी पहिली सुई. सुंठी शांत होती. माझा हात थोडा हलला. औषध बहुतेक गोधडीत गेलं. पहिल्याच दिवशी सगळं औषध अंगात जाऊ नये, त्या दृष्टीने बरंच झालं.

मंगळवार, २८ जानेवारी

झोप लागली नाही. पहाटे सुंठी अगदीच निपचित दिसली म्हणून नाकापुढे बोट धरून पाहिलं. चावली. म्हणजे ठीक आहे.

उठून मशीन काढलं. मांजराच्या कानाला बारीक टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, की साखरेचा आकडा दिसतो. पण कुठलंही मशीन वापरायच्या आधी तपासून घ्यावं लागतं. कारखान्यात हाच नियम होता. म्हणून पहिला थेंब माझा घेतला. आकडा आला २९६.

मशीन खराब आहे.

मला शुगर नाही. मागे एकदा शिबिरात डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही बॉर्डरवर आहात. तेव्हापासून मी बॉर्डरवरच आहे. पुढे कधी तपासायची गरजच पडली नाही. चांगल्या तब्येतीच्या माणसाचा आकडा एकशेचाळीस-पन्नास धरला तर हे मशीन दीडशे जास्त दाखवतं. हिशेब सोपा आहे. यापुढे जो आकडा येईल त्यातून दीडशे वजा करायचे.

सुंठी: ३१०. वजा जाता १६०. म्हणजे फारसं काही नाहीच. दीना उगाच घाबरते. डॉक्टरही.

एवढ्याशा साखरेला सुई कशाला पाहिजे? कारखान्यात माझा जोडीदार होता, कल्याण. त्याने जांभळाच्या बियांच्या पुडीवर शुगर पार घालवली होती. पुढे तो वारला, पण ते वेगळं कारण निघालं असणार. ही पूड आपल्या घरात आहे. दीनाने बिया गरासकट वाळवून माझ्यासाठी करून ठेवली होती. मला गरज नसल्यामुळे बरणी भरलेलीच आहे.

घरातली साखरही काढून टाकली. डबा लंकाबाईकडे ठेवून आलो. पेशंटच्या घरात ती वस्तू नको. लंकाबाई म्हणाली, भाऊ, मांजर काय चहा करून पितं व्हय?

बुधवार, २९ जानेवारी

उकडलेलं चिकन बारीक केलं. त्यात अर्धा चमचा जांभूळ पूड, चिमूटभर मेथीची पूड. रंग जांभळट आला. सुंठीने ताटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग घाण झाकतात तसा पंजा फरशीवर दोन-तीनदा ओढला.

स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन शेजारी बसलो. तिला समजावून सांगितलं. औषध कडूच असतं, सगळ्यांनाच घ्यावं लागतं. शेवटी खाल्लं. टोचलं. सुई बरोबर कातडीत गेली.

थोड्या वेळाने उलटी, दारातच.

कारण: हवा. गाळप जोरात चालू आहे, कारखान्याचा धूर सगळा इकडे येतो.

संध्याकाळी दीनाचा फोन आला. पहिला प्रश्न, खाल्लं का तिनं? मी म्हणालो, खाल्लं. टोचलं? टोचलं. तिला हायसं वाटलं. म्हणाली, मला वाटलं नव्हतं तुम्हाला जमेल. प्रार्थनाची तब्येत विचारायची राहून गेली. उद्या विचारीन.

उलटीचं सांगितलं नाही. तिने विचारलं नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

पूड थोडी वाढवली. उलटीही थोडी वाढली. म्हणजे औषध लागू पडतं आहे. उसाचा रस उकळला की सगळी मळी फेसाबरोबर वर येते, ती काढली की खाली रस स्वच्छ. सुंठीचीही मळी निघते आहे. डॉक्टरांनी कारखाना आतून पाहिलेला नसणार, त्यांना हे कळणार नाही.

संध्याकाळी एक शंका आली. डॉक्टर म्हणाले आहेत, खाल्ल्यावर टोचायचं. सुंठीने खाल्लं. मग उलटलं. आणि टोचायची वेळ झाली. आता तिने खाल्लं असं धरायचं की नाही?

इंजेक्शन हातात घेऊन ओट्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. पुढे गेलो, मागे आलो. सातवीपर्यंतचं व्याकरण आठवलं. 'खाल्लं' हा भूतकाळ. भूतकाळ कुणाला बदलता येत नाही. खाल्लं म्हणजे खाल्लं. बाहेर आलं हा पुढचा विषय. तो डॉक्टरांनी काढलेला नाही.

टोचलं.

लंकाबाई तिचं ताकाचं भांडं न्यायला आली. कोपऱ्यातल्या ओल्या फडक्याकडे बघून म्हणाली, भाऊ, मांजर वकतंय का? मी म्हणालो, छे, फरशी पुसत होतो. ती म्हणाली, तुमी अन् फरशी? दीनाबाईला फोन करून सांगते, नवरा सुधारला म्हून. मी म्हणालो, तिला काही सांगू नका, मुलीच्या काळजीत आहे ती. लंकाबाईने भांडं घेतलं पण गेली नाही. सुंठीकडे बघत उभी राहिली. म्हणाली, लई वाळली हो ही.

शुगर उतरली की वजन उतरतंच.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सुंठी सकाळपासून माठाखाली बसून आहे. ताटली वाजवली तरी आली नाही. मी ताटली घेऊन गेलो. ती मागे सरकली. मी पुढे. पलंग, कपाट, शिलाई मशीन अशी आमची फेरी झाली. मला दम लागला, तिलाही. शेवटी बोटाने तोंडाला लावलं. तिने चाटून काढलं. चाटणं हे खाण्यातच येतं. टोचलं.

मग माझ्या रविवारच्या बुटात उलटी.

लंकाबाईने चोरून म्हशीचं दूध पाजलं असणार अशी शंका आली. जाऊन विचारलं. ती म्हणाली, मी कशाला पाजू? तुमीच त्या मुक्या जितराबाला काय चारताय ते सांगा आधी, ताटली पार वांग्यावानी झालीय. मी म्हणालो, हा शास्त्राचा विषय आहे, तुम्हाला कळायचा नाही. ती म्हणाली, व्हय बाबा, आमची म्हैस अडाणीच हाय, म्हून जिवंत हाय.

अशा बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं. घरी आल्यावर दोन-तीन उत्तरं सुचली.

दीनाचा फोन. खाल्लं. टोचलं. ती म्हणाली, तुमचा आवाज असा का येतोय? मी म्हणालो, सर्दी.

शनिवार, १ फेब्रुवारी

सकाळी खाल्लं. (चाटलं.) टोचलं. उलटी.

संध्याकाळी खाल्लं. (वास घेतला.) टोचलं नाही. नंतर वाटलं, नेम मोडू नये. टोचलं. पण अर्धं.

मशीन: १८०. वजा जाता ३०. एवढ्या कमी साखरेवर मांजर जगत नाही म्हणतात, सुंठी तर बसलेली होती. म्हणजे मशीनची चूक रोज बदलते. अशा मशीनवर माणसाने काम कसं करायचं?

डॉक्टरांना विचारावं असं दोनदा मनात आलं. दुसऱ्यांदा नंबर लावला आणि एक रिंग वाजताच कट केला. त्यांनीच उलट फोन केला. मी म्हणालो, चुकून लागला. ते म्हणाले, मांजर बरंय ना काका? मी म्हणालो, एकदम. खातंय ना? मी म्हणालो, खाल्लं.

हा शब्द आता आपोआप येतो.

मघाशी चार वेळा उठून तिला पाहून आलो. दार उघडं राहिलं का ते बघायला उठलो होतो, ती वाटेत बसते म्हणून दिसली.

रविवार, २ फेब्रुवारी

बूट ओले. चपला घालून चर्चला गेलो.

उपासनेत पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाच्या घरी कोणी आजारी आहे का, आपण प्रार्थना करू. मी उठेन असं मला वाटलं नव्हतं. उठलो. म्हणालो, आमच्या घरी सुंठी आजारी आहे. शुगर आहे. उलट्या थांबत नाहीत. खाल्लेलं पोटात ठरत नाही. बोलताना आवाज जरा अडकला. सर्दी आहेच.

पाळकसाहेबांनी डोळे मिटून अगदी मनापासून प्रार्थना केली. आमच्या भगिनी सुंठीबाई यांना आराम दे, त्यांच्या पोटात अन्न ठरू दे, त्यांची एकट्याने सेवा करणाऱ्या या वृद्ध भावाला बळ दे. सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणालो. मध्येच उठून दुरुस्ती करणं बरं दिसलं नसतं. शिवाय प्रार्थना चांगली झाली होती.

बाहेर महिला मंडळाच्या मोनिकाबाईंनी गाठलं. शाळेतून रिटायर झाल्या आहेत, पण त्यांच्यासमोर अजून माणूस सरळ उभा राहतो. म्हणाल्या, सुंठीबाई दीनाकडच्या का? मी म्हणालो, दीनाच्याच. वय काय? मी म्हणालो, उतारवय. हिंडता-फिरता येतं का त्यांना? मी म्हणालो, येतं, पण बहुतेक पलंगाखालीच असते.

मोनिकाबाईंनी माझा दंड धरला. म्हणाल्या, योहानभाऊ, म्हातारं माणूस पलंगाखाली? मी म्हणालो, तिला तिथंच आवडतं. वर घेतलं की चावते.

त्यांनी दंड सोडला. मग म्हणाल्या, उद्या आम्ही येतो.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी. नवा आठवडा. मन घट्ट केलं. कालपासून मी मनाने ढिला झालो होतो. पुडीचा पूर्ण चमचा दिला. निम्मं मिशीला लागलं, पण निम्मं गेलं. म्हणजे खाल्लं. पूर्ण टोचलं. नंतर उलटी, पण ती आता हिशेबात धरत नाही.

संध्याकाळी. श्रीरामपूरहून आलो. क्रमाने लिहितो.

दुपारी मोनिकाबाई आल्या, बरोबर मंडळाच्या आणखी तिघी. केळी, स्पंज केक, एक नवी शाल. मोनिकाबाईंनी विचारलं, पेशंट कुठं आहेत? मी पलंगाकडे बोट केलं. त्या गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकल्या. वाकलेल्याच राहिल्या. मग म्हणाल्या, इथे मांजर आहे. मी म्हणालो, तीच सुंठी.

एक बाई तोंडाला पदर लावून अंगणात गेली. मोनिकाबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, म्हणजे काल आम्ही सगळ्यांनी उभं राहून मांजरासाठी प्रार्थना केली? मी म्हणालो, आजारी तीच आहे. त्या म्हणाल्या, भगिनी सुंठीबाई? मी म्हणालो, बाई मी म्हणालो नव्हतो, ते पाळकसाहेबांनी लावलं.

त्या आणखी बोलणार होत्या. तेवढ्यात सुंठी बाहेर आली. मला वाटलं पाहुण्यांना भेटायला आली. पण मागचे पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे पडत होते. चालत चालत भिंतीला धडकली. तिथंच आडवी झाली. डोळे उघडे होते पण बघत नव्हती. अंगाला झटके.

मी मशीन लावलं. आकडा आला ४४. त्यातून दीडशे जाईनात. मी तोंडाने मोजत बसलो. मोनिकाबाईंनी विचारलं, दीडशे कशाचे? सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, साखर शून्याच्या खाली कशी जाईल? मी म्हणालो, तेच तर, मशीन खराब आहे. त्या म्हणाल्या, ते खाली ठेवा आणि डॉक्टरांना फोन लावा. असा आवाज मी सातवीनंतर ऐकला नव्हता. लावला.

डॉक्टर म्हणाले, साखर एकदम उतरलीय. काहीतरी गोड बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, ठसका लागेल. आणि लगेच घेऊन या, वेळ घालवू नका, मांजर हातचं जाईल.

गोड काही घरात नाही. साखरेचा डबा लंकाबाईकडे. मोनिकाबाई केक कुस्करायला लागल्या. मी तांदळाच्या डब्यामागून काकवीची बाटली काढली. ही माझी खाजगी बाटली, खोकल्यासाठी ठेवलेली आहे. निम्म्याहून जास्त संपलेली आहे, कारण खोकला जुना आहे. दीनाला ती माहीत नाही. चार बायकांच्या देखत काढली. त्या वेळी काही वाटलं नाही.

काकवी हिरड्यांना चोळली. सुंठीने बोट चावलं नाही. हे मला अजिबात आवडलं नाही. परत बोट बुडवलं, परत चोळलं. आवाज ऐकून लंकाबाई आली होती. ती आता म्हणते, तुमी रडत हुता अन् 'बाई माझे, चाव, चाव मला' म्हनत हुता. लंकाबाईला वाढवून सांगायची सवय आहे.

मग चावली. जोरात.

भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये शाल टाकून तिला ठेवलं आणि गल्लीतल्या रिक्षाने श्रीरामपूरला निघालो. रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, बाजू देईनात. जन्मभर त्यांच्याच जिवावर जेवलो, आज त्यांना काय काय बोललो ते लिहीत नाही. रिक्षात सुंठीने माझ्या पॅन्टवर उलटी केली. जांभळी.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. मग विचारलं, काय खायला घालता? मी म्हणालो, चिकन. ते पॅन्टकडे बघून म्हणाले, चिकन जांभळं कधीपासून व्हायला लागलं? सांगावं लागलं. त्यांनी विचारलं, हे कोणी सुचवलं? मी म्हणालो, कल्याण म्हणून जोडीदार होता. कुठं असतात ते? मी म्हणालो, वारले.

मग विचारलं, उलटी झाल्यावरही टोचत होता? मी म्हणालो, खाल्लं होतं. ते म्हणाले, पोटात राहिलं होतं का? हा प्रश्न मला आतापर्यंत कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, काका, खाल्ल्यावर म्हणजे पोटात राहिल्यावर. पोट रिकामं आणि वर इन्सुलिन, मग काय होणार?

हे त्यांनी दिवाळीतच स्पष्ट करायला पाहिजे होतं.

मी मशीनची तक्रार केली. त्यांनी सुंठीचा एकच थेंब माझ्या आणि त्यांच्या, दोन्ही मशीनवर घेतला. आकडे जवळजवळ सारखे आले. मी म्हणालो, म्हणजे तुमचंही दीडशे जास्त दाखवतं. त्यांनी विचारलं, हे दीडशे आले कुठून? सांगितलं. डॉक्टर उठले आणि त्यांची खुर्ची मला बसायला दिली. म्हणाले, काका, तुम्ही उद्याच्या उद्या तुमच्या डॉक्टरांकडे जा.

जनावरांच्या डॉक्टरांनी माणसांच्यात पडू नये असं माझं मत आहे.

सुंठीला तिथंच ठेवून घेतलं. वाचेल म्हणाले. जरा उशीर झाला असता तर, असं म्हणून वाक्य अर्धं सोडलं. मला अर्धी वाक्यं आवडत नाहीत.

घर शांत आहे. फरशी कोरडी आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

डॉक्टरांचा फोन. सुंठीने खाल्लं. मी विचारलं, राहिलं का? राहिलं.

मग दीनाचा फोन. मोनिकाबाईंनी तिला सगळं सांगितलं. चर्चमधलंसुद्धा. काकवीसुद्धा. दीना म्हणाली, मी तुम्हाला रोज काय विचारत होते? मी म्हणालो, खाल्लं का. आणि तुम्ही काय सांगत होता? मी म्हणालो, खाल्लं. ती म्हणाली, खोटं बोललात. मी म्हणालो, एक शब्दही खोटा नाही. ती म्हणाली, उद्या येते. मी म्हणालो, तू कशाला धावपळ करतेस, इथं सगळं ताब्यात आहे. फोन आधीच बंद झाला होता.

संकल्प: पूड बंद. दीना आली की तिच्यासमोर स्थिर हाताने टोचून दाखवायचं, म्हणजे विषय मिटेल. दुपारभर उशीवर साधं पाणी टोचून सराव केला. उशीने काही तक्रार केली नाही. हात बसला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दीना जावयाच्या गाडीतून आली. जोसेफराव स्वतः घेऊन आले. वाटेत श्रीरामपूरहून सुंठीलाही घेतलं. मी बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं. दीना ओरडेल, मग मी शांतपणे उत्तर देईन. ती ओरडलीच नाही. बरणी घेतली, जांभूळ पूड मोरीत ओतली, बरणी विसळून पालथी घातली.

सुंठीपुढे साधं चिकन ठेवलं. तिने खाल्लं. दीना लगेच टोचायला उठली नाही. जोसेफरावांशी बोलत बसून राहिली, एक डोळा सुंठीवर. राहिलंय अशी खात्री झाल्यावर उठली, मानेमागची कातडी चिमटीत धरली, टोचलं. डोस आता कमी केला आहे. सुंठीला कळलंसुद्धा नाही. ती मिशा पुसत होती.

मी म्हणालो, संध्याकाळचं मी टोचतो, तू बघ. संध्याकाळी नुसती बाही वर केली. सुंठी शिलाई मशीनमागे. काठीने पण निघेना. दीना म्हणाली, राहू द्या. मी हिला नगरला घेऊन जाते.

मी म्हणालो, बाळंतपणाच्या घरात मांजर? ती म्हणाली, वेगळी खोली आहे. जोसेफराव म्हणाले, मला मांजरं आवडतात, पप्पा. हे लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, दीना, माझ्यावर एवढाही भरवसा नाही? ती म्हणाली, तुमच्यावर आहे. तुमच्या 'खाल्लं'वर नाही.

निघायच्या आधी जोसेफराव मला माणसांच्या दवाखान्यात घेऊन गेले. रक्त तपासायला दिलं. गोळ्या चालू केल्या आहेत. केवळ खबरदारी म्हणून. डॉक्टर तरुण आहेत, आकडा बघून घाबरले.

सुंठी क्रेटमधून गेली. गाडी वळेपर्यंत मी फाटकापाशी उभा होतो. फाटकाची कडी ढिली झाली आहे, ती बघत होतो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

खूप आराम आहे. कुणाला खायला घालायचं नाही, कुणाला टोचायचं नाही, कुणाच्या नाकापुढे बोट धरायचं नाही. पहाटे नेहमीच्या वेळी जाग आली. परत झोपलो. म्हणजे पडून राहिलो. मग उठून फ्रीज उघडून बंद केला.

पलंगाखाली वाकून बघायची सवय लागली आहे. ती सोडणार. कंबर धरते.

लंकाबाई साखरेचा डबा परत द्यायला आली. म्हणाली, भाऊ, आता कोनासंगं भांडता? मी म्हणालो, मला निवांतपणा आवडतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि डबा काखेत तसाच धरून परत घेऊन गेली. म्हणाली, दीनाबाईनं सांगितलंय, तुमच्या हातात द्यायचा न्हाई.

संध्याकाळी जोसेफरावांनी व्हिडिओ कॉल लावला. प्रार्थनाची तब्येत या वेळी आधी विचारली. चांगली आहे, बाळ अजून व्हायचं आहे. मग दीना आली. गोळी घेतली का? मी म्हणालो, घेतली. जेवलात का? मी म्हणालो, जेवलो. ती म्हणाली, ताट दाखवा.

दाखवलं. ते सकाळचं होतं, पण तिला कळलं नाही. बहुतेक कळलं.

मग मीच म्हणालो, सुंठी कशी आहे, दाखव जरा. सहज म्हणालो. दीनाने फोन खाली धरला. सुंठी पायपुसण्यावर बसली होती. जरा तरतरीत दिसली. उलटी नाही, सगळं राहतं म्हणे. मी हाक मारली. तिचा कान वळला. मग मान वळली. माझा आवाज ओळखला, यात मला शंका नाही.

मग ती उठली आणि स्क्रीनच्या बाहेर गेली. दीना म्हणाली, थांबा, बघते कुठं गेली, आणि फोन तसाच खाली ठेवून तिच्यामागे गेली. मी बराच वेळ नुसती फरशी बघत होतो.

त्यांची फरशी चांगली आहे.